रेशनकार्डावरचं सुमितचं नाव

सकाळपासनं ह्या घरच्या ग्रुपवर अभिनंदनाची फुलं पाठवून माझा फोन भरून टाकलाय, ती आधी बंद करा. मग रामराम.

माझा नातू सुमित आता दुसऱ्या देशाकडनं फुटबॉल खेळतोय, तिथलाच नागरिक झालाय. म्हणून आज मुरुम गावात रेशनकार्डावरनं त्याचं नाव कमी करायला गेले.

अर्ज लिहून देणारा म्हणला, "आजी, कारण काय लिहू? मयत का लगीन?"

"दोन्ही न्हाय. परक्या देशाचा झालाय."

"तसा रकाना न्हाय ओ. मयत लिहू का?"

"तुझं लिही मेल्या!" म्हणले आन् कार्ड हिसकून घरी आले.

पर चार वरसं झाली, त्याचा एक फोन न्हाय. मॅचमधी पळताना दिसतो, तवा जित्ता हाय एवढं कळतंय.

कारण काय लिहू? बाकीच्यांनी गप बसायचं. सुमित, तूबी ह्या ग्रुपवर हाईस, उत्तर तूच द्यायचं.