मी थांबवलेला घोडा

माझे वडील पुण्याच्या रेसकोर्सवर नालबंद होते. शाळा सुटली की मी थेट त्यांच्याकडे. लंगडणारा घोडा मला त्यांच्याआधी ओळखू यायचा, आणि याचा मला भारी माज होता. तो माज घेऊनच मी घोड्यांची डॉक्टर झाले, आयर्लंडला आले. इथल्या नावन गावाच्या आसपास रविवारी शेतांत अडथळे उभारून हौशी स्वारांच्या शर्यती होतात. तिथे गेली वीस वर्षं मी डॉक्टर म्हणून उभी राहतेय. धावण्याजोगा नसलेला घोडा थांबवणं हे माझं काम.

या शर्यतींना मला पहिल्यांदा नेलं ते एका शेतकऱ्यानं. बाकीचे लोक मला बघून "डॉक्टर कधी येणार?" असं विचारायचे, तेव्हा यानं आपली घोडी बिनदिक्कत माझ्या हाती दिली होती. आता तो पार म्हातारा झालाय, पण माझी पन्नाशी उलटली तरी त्याच्या लेखी मी 'पोरी'च.

२०२० च्या पानगळीत शर्यती जेमतेम पुन्हा सुरू झाल्या. प्रेक्षक नाहीत, सगळे मास्कमध्ये, आणि लवकरच पुन्हा सगळं बंद होणार हे प्रत्येकाला दिसत होतं. म्हाताऱ्याचा तेरा वर्षांचा घोडा त्या दिवशी शेवटचा धावणार होता. गाडीतून उतरतानाच त्याची चाल मला खटकली.

"जरा पळवून दाखवा," मी म्हटलं.

त्यानं पळवला, पण दोर तोंडाशी घट्ट आवळून. पुढचा पाय दुखत असला की तो टेकताना घोडा डोकं वर उडवतो. डोकंच आवळून धरलं तर काही कळत नाही. हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"दोर सैल सोडा."

"ग्रँड आहे गं तो, पोरी. काही झालेलं नाही त्याला."

"सैल सोडा. पुन्हा पळवा."

तीनदा पळवायला लावला. तिसऱ्यांदा डोकं उडालं. मी यादीतून नाव खोडलं. म्हातारा घोडा परत गाडीत चढवू लागला. मला रडू येत होतं. मास्कचा तेवढा तरी उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी मी न बोलावता त्याच्याकडे गेले. खुरात पू झाला होता, तो काढला. आठवड्याभरात घोडा ठणठणीत, पण तोवर शर्यती बंद झालेल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा घोड्याचं शर्यतीला चालणारं वय उलटलं होतं. तो परत कधी धावला नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात त्याच्या घोड्यांना लस टोचायला गेले, तेव्हा घोडा कुरणात चरत होता.

"नुसता पूच होता," म्हातारा म्हणाला. "तेव्हाच कळलं असतं, तर धावू दिलं असतंस?"

"नाही."

त्यानं घोड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मीही थांबवला असता. दुसऱ्याचा असता तर."