सतरा नंबरची रिकामी जागा

आमच्या कारखान्यात सर्किटची ड्रॉइंग काढणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची लाकडी पट्टी असायची, म्हणून सगळे त्यांना पट्टीमामा म्हणत. ते कुणाचेच मामा लागत नव्हते. पण चूक सापडली की समोरच्याचा कान धरायचा हक्क त्यांनी आपणहून घेतला होता, आणि तो मामालाच शोभतो.

कारखाना शीतगृहांच्या पॅनेलचा. दूध, फळं ठेवायच्या त्या थंडगार खोल्यांना कधी चालू व्हायचं आणि कधी बंद, हे सांगणारी पेटी आम्ही बनवायचो. पेटीत बोर्ड, बोर्डावर शेंगदाण्याएवढे पार्ट, आणि प्रत्येक पार्टच्या शेजारी पांढऱ्या शाईत छापलेला नंबर. तोच नंबर मामांच्या ड्रॉइंगमध्ये. मी त्या पेटीचा प्रोग्राम लिहायचो. वय चोवीस, केस दाट, अक्कल विरळ. आता हे प्रमाण उलटं झालं आहे असं मी म्हणतो. बायको फक्त केसांपुरतं मान्य करते.

मामांच्या ड्रॉइंगचे कायदे कडक होते. वीज कागदाच्या वरून येणार आणि खाली उतरणार. "पाऊस खालून वर पडताना पाहिलायस कधी?" काम डावीकडून उजवीकडे चालणार. एका ठिपक्यावर तीनच वायरी मिळणार, चार नाहीत. "चौकात अपघात होतात. तिठ्यावर माणूस जरा बघून वळतो." वायरीचं नाव ती काय करते ते सांगणारं हवं: 'पंखा चालू', 'दार उघडं'. एकदा कुणीतरी नुसतं 'सिग्नल चार' लिहिलं, तर मामांनी समासात बारीक अक्षरात विचारलं होतं, 'हाक मारली तर हा ओ देईल का?'

त्यांना प्रोग्रामिंग येत नव्हतं. पण कागदावर छापलेलं काहीही तपासल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. माझ्या प्रोग्रामची छापील प्रत घेऊन ते एक दिवस टेबलाशी आले.

"हा टेम्प कोण?"

"तापमान, मामा."

"आणि हा टेम्प-दोन?"

"तो तात्पुरता आहे."

"टेम्प-फायनल?"

"तोही तात्पुरताच."

"आणि टेम्प-फायनल-खरा?"

मी छापील प्रत परत घ्यायला हात पुढे केला.

"घरात चार भाऊ आणि चौघांचं नाव बाळू," मामा म्हणाले. "पोस्टमनने काय करायचं?"

संध्याकाळपर्यंत चारही बाळूंना नवी नावं मिळाली. शिवाय प्रत्येक आतली ओळ चार अक्षरं आत सरकली. "आतली गोष्ट आत बसलेली दिसली पाहिजे. दारात पसरलेल्या चपलांसारखं काय लिहितोस?"

अशा या माणसाच्या ड्रॉइंगमध्ये एकच खोट होती. नंबर सलग नसायचे. आमच्या सगळ्यात जुन्या पॅनेलच्या ड्रॉइंगमध्ये रेझिस्टर, म्हणजे वीज आवरून धरणारे बारके पार्ट, सहानंतर एकदम आठ, सोळानंतर अठरा, एकोणीसनंतर एकवीस. इतका नेटका माणूस, आणि दातात फटी.

एकदा त्यांच्या घरी गेलो तर तिथेही तेच. स्वयंपाकघरात डब्यांची रांग, प्रत्येकावर मामांच्या अक्षरात नंबर. नऊ नंबरचा डबा नव्हता.

"फुटला," मामी म्हणाल्या. "बारा वर्षं झाली. नवा आणला त्याला पंचवीस नंबर दिला. सून आली की तिला आधी शिकवायचंय, साखर अकरात, चहा चारात, आणि नऊबद्दल विचारायचं नाही."

मामा म्हणाले, "तू अजून झोपेत नऊत हात घालतेस. तिथे मीठ ठेवलं असतं तर?"

मी भरपूर हसलो. हसताना अर्थही कळला असता तर पुढचं झालं नसतं.

मामा निवृत्त व्हायला आले. एकतीस वर्षांची ड्रॉइंग एका लोखंडी कपाटात, घडीला घडी लावून. मला वाटलं, या माणसाला निरोपाला शाल, घड्याळ कशाला? त्यांची सगळी ड्रॉइंग मी कंप्युटरवर काढीन. दोन महिने जेवणाच्या सुट्टीत बसून काढलीही. शेवटी लक्षात आलं की सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे: दाबलं की नंबर आपोआप सलग होतात. मी दाबलं. सगळ्या फटी बुजल्या. कवळी बसवून दिल्याचा आनंद झाला.

बुधवारी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर गठ्ठा त्यांच्या हातात दिला. मामांनी फीत सोडली, पहिलं पान पाहिलं आणि पट्टीचं टोक एका जागी टेकवलं.

"सतरा?"

"भरला, मामा. आता एकही भोक नाही."

"अरे, बाहेर जुने बोर्ड—"

तेवढ्यात कारखान्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, "वा, मग हे कपाट हलवता येईल. शनिवारी रद्दीवाला येतोच आहे. मामा, आता सगळं कंप्युटरमध्ये आहे, तुम्ही निवांत व्हा."

मामांनी पट्टी खिशात ठेवली. "छान काढलंयस," मला म्हणाले. गुरुवारभर ते कपाटासमोर स्टूल घेऊन बसले. एकेक घडी उघडायची, बघायची, परत ठेवायची. मला वाटलं, निरोप घेताहेत. तो तर होताच. पण आपली एकतीस वर्षं शनिवारी किलोच्या काट्यावर जाणार, हे त्यांना थांबवता येत नव्हतं, आणि थांबवायचं तर माझी भेट चुकीची आहे असं चारचौघांत म्हणावं लागलं असतं.

शुक्रवारी दुपारी एका दूध शीतगृहातून मिस्त्रीचा फोन आला. मशीन बंद, दूध तापायला लागलेलं. मी ऐटीत नवं ड्रॉइंग उघडलं, दोन प्रश्न विचारले आणि निदान केलं. "रेझिस्टर तेवीस. तो काढा, पिवळा-जांभळा-लाल पट्ट्यांचा नवा घाला."

अर्ध्या तासाने परत फोन. "साहेब, तेवीस बदलला. आता आधी जो दिवा लागत होता, तोही लागत नाही."

मामा स्टुलावरून उठले आणि फोन मागितला.

"बोर्डाच्या कोपऱ्यात अक्षर कुठलं आहे? ... ब. म्हणजे आपलाच जुना. काढलेला तेवीस कुठाय?"

"खिशात."

"शाबास. तो होता तिथे परत लाव. तो बिचारा निर्दोष आहे. आता मशीन चालू करणाऱ्या रिलेच्या डाव्या हाताला बघ, सव्वीस. पिवळा, जांभळा, लाल पट्टे. काळवंडलाय?"

"कोळसा झालाय, मामा."

"तो बदल."

ड्रॉइंग न बघता. मी बोटांवर मोजलं. सात, सतरा, वीस. तीन फटी बुजवल्या होत्या, म्हणून माझ्या कागदावर सव्वीसचा तेवीस झाला होता. आणि बाहेर शेकडो पेट्यांमध्ये पांढऱ्या शाईत तो अजून सव्वीसच होता.

काही वेळाने मिस्त्री म्हणाला, "टक्क वाजला रिले. मशीन लागली."

"मग फोन ठेव आणि दार लाव. थंडी बाहेर जाते."

मालकीणबाई दारात उभ्या होत्या. किती ऐकलं होतं कोण जाणे. "दूध?" त्यांनी विचारलं.

"वाचलं," मामा म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. माझे कान मात्र कुणी न धरता लाल झाले होते.

"बाई, चूक माझी," मी म्हणालो. "आणि ते कपाट..."

"रद्दीवाल्याला वर्तमानपत्रं द्या," त्या म्हणाल्या. "मामा, कपाटाची किल्ली जाताना याच्याकडे द्या. जाईपर्यंत याच्याकडे लक्षही द्या."

मामांचा शेवटचा आठवडा माझ्या शेजारी गेला. ते जुन्या कागदावरून नंबर वाचायचे, मी कंप्युटरवर परत लिहायचो. एकेक फट पुन्हा उघडत गेली.

"सतरा कशाने गेला, मामा?"

"गरजच नव्हती त्याची. मला वाटली होती. चाळीस बोर्ड विकल्यावर कळलं." ते हसले. "चूक काढून टाकावी, जागा ठेवावी. पुढचा तिथे पाय देत नाही."

कपाट अजून माझ्या खोलीत आहे. परवा नवी इंजिनिअर मुलगी त्यातून तेच जुनं ड्रॉइंग काढून विचारत होती, इथे सतरा का नाही. मी तिला मागची बाजू दाखवली. तिथे मामांनी काढून टाकलेल्या प्रत्येक पार्टची तारीख आणि कारण लिहून ठेवलं आहे, पेन्सिलीने, सगळ्या ओळी डावीकडून एका रेषेत. शेवटची ओळ त्यांनी निवृत्तीच्या दिवशी, मी चहा आणायला गेलो असताना लिहिली असावी:

'क्र. २३ शुक्रवारी काढला, त्याच दिवशी परत बसवला. कारण: निरोपाची भेट.'