बायचं गाऱ्हाणं

आमच्या श्वान पथकाचा इतिहास कुणी लिहिलाच, तर पहिल्या पानावर नारळाचं चित्र हवं. आज पथकाला पक्की इमारत आहे, नवी गाडी आहे. सुरुवातीला होती पत्र्याची शेड, खडखडणारी जीप आणि स्फोटकं हुंगणारी एकच कुत्री. कागदावर तिचं नाव भारदस्त होतं. आम्ही तिला बाय म्हणायचो.

सगळ्यांत जुने हवालदार शेतकरी घरातले. रोज सरावाआधी ते नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं घालत, "बा देवा म्हाराजा, ह्या मुक्या लेकराक यश दी रे म्हाराजा!" आम्ही ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" मग नारळ फुटायचा आणि पहिला तुकडा बायला. मी तिचा हँडलर, देवगडच्या मुसलमान मच्छीमार घरातला. पण 'व्हय म्हाराजा' म्हणताना माझाच आवाज मोठा.

घाटावरच्या परीक्षेत बाय नापास झाली. 'शोध' म्हटलं, तर पाय पसरून आडवी. पुन्हा नापास झाली तर पथकातून जाणार होती. मला जेवण गोड लागेना.

पुढची परीक्षा चार दिवसांवर आली आणि हवालदार तापाने पडले. त्या सकाळी गाऱ्हाणं राहिलं, आणि बाय अंगणात तश्शीच आडवी! तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. गाऱ्हाण्याशिवाय काम सुरू होत नाही, हे आम्हीच तिला शिकवलं होतं. आता सवय मोडायला वेळ कुठे होता?

परीक्षेला जाताना आंबोली घाटाच्या वळणांवर बायला दोनदा ओकारी झाली. माझीही लक्षणं ठीक नव्हती. मैदानात दहा बॅगा मांडलेल्या. "शोध," मी म्हटलं. बाय आडवी. परीक्षकांनी पेन उघडलं. मग मी लाज कोळून प्यालो, रिकामे हात पुढे धरले आणि खच्चून ओरडलो, "बा देवा म्हाराजा! ह्या माझ्या लेकराक यश दी रे म्हाराजा!"

जीपजवळून आमच्या ड्रायव्हरने साथ दिली, "व्हय म्हाराजा!"

बाय ताडकन उठली. हुंगत हुंगत गेली आणि सातव्या बॅगेपुढे शांत बसली. स्फोटकाचा नमुना त्याच बॅगेत होता. मी तिला मिठी मारून चक्क रडलो.

"हा कोणता हुकूम?" परीक्षकांनी विचारलं.

"आमच्याकडचा आहे, साहेब."

ते हसले आणि त्यांनी सही केली.

परतलो तर हवालदार शाल गुंडाळून शेडच्या दारात उभे. ड्रायव्हरने त्यांना मैदानातली सगळी हकिकत सांगितली. मी वाटेत घेतलेला नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो परत माझ्याच हातात ठेवला.

"आजपासून तू घाल रे. देवान तुझा आयकल्यान."

"काका, माका सगळा खंय येता?"

"येता तेवढा घाल."

मी घातलं. आणि सगळ्यांच्या आधी, खोकत खोकत, हवालदारांचाच आवाज आला, "व्हय म्हाराजा!"