बांधी सरेपर्यंत

मोठीमायच्या अल्बमची तयारी मी तीन पानांत मांडली होती. पहिल्या पानावर गाणी, दुसऱ्यावर सोबत न्यायच्या वस्तू, तिसऱ्यावर वेळ. गाणी आठ, प्रत्येकी पाच मिनिटं. भंडाऱ्याचा स्टुडिओ दहा ते दोन. वस्तूंत गरम पाण्याचा थर्मास, खडीसाखर, बीपीची गोळी. गाण्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून घेतली होती. मोठीमायला वाचता येत नाही हे लिहून झाल्यावर आठवलं.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. अड्याळजवळच्या आमच्या गावात ती आणि आई रोवण्याच्या दिवसांत शेजारी-शेजारी वाकून धान रोवायच्या. एक बाई गाण्याची ओळ उचलायची, बाकीच्या झेलायच्या. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचे आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसायचे. माझी पहिली यादी तिथलीच. वहीच्या मागच्या पानावर मी बांध्या लिहायचे, म्हणजे धानाचे चौकोनी तुकडे, आणि एक बांधी रोवून झाली की पुढे रेघ मारायचे. एका बांधीला एक गाणं असायचं. घरी कोणी विचारलं, अजून किती वेळ, तर आम्ही सांगायचो, "दोन गाणी रायली."

दिवसाच्या शेवटच्या बांधीचं गाणं आईचं. ते तिनंच उचलायचं, मोठीमायनं झेलायचं. आई गेली तेव्हा घरात तिचे चार फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. आता तिकडे रोवणा ठेक्यानं होतो. बाया एक शेत आटपून गाडीत बसतात आणि दुसऱ्या गावाला जातात. आईचं गाणं येणारी मोठीमाय एकटीच उरली होती. लोकांना मी अल्बमची बरीच कारणं सांगितली, लोकगीतं जपायला हवीत वगैरे. खरं कारण यादीत आठव्या क्रमांकावर होतं.

मोठीमाय दोन वर्षं नाही म्हणत राहिली. या हिवाळ्यात धान घरी आल्यावर तिचाच फोन आला.

"येईन मी. पन तू बाहेर खुर्चीवर नोको बसू. अंदर माया संग राहाशील तं येईन."

मी जवाहरनगरला राहते, तिथून निघाले. मोठीमाय गावातल्या दोघींना झेलायला घेऊन आली. रेकॉर्डिस्ट माझ्याच वयाचा, नाटकांची गाणी करणारा. त्यानं मोठीमायला माइकसमोर उभं केलं. दोन ओळी झाल्या आणि ती अडकली.

"काय झालं, आजी?"

"उभ्यानं कसं येईन बापू? उभ्यानं कोनी रोवते का?"

तिनं पदर खोचला आणि वाकली. आवाज असा सुटला की रेकॉर्डिस्टनं घाईनं कुठलंसं बटण खाली केलं. पण वाकल्यावर तिचे पायही सुरू झाले. रोवताना बाई मागे-मागे सरकते, रोवलेलं पुढे राहतं. तिघीही गात-गात मागे निघाल्या.

"आजी, माइक इकडं आहे! तुम्ही कुठं चालल्या?"

"धुऱ्याकडं," मोठीमाय म्हणाली.

"आणि पाच मिनिटांत संपवायचं आहे."

"बांधी सरल्याबिगर गानं कसं सरंन?"

मी पर्समधून मोजपट्टी काढली. ती माझ्याकडे नेहमी असते. खोली चौदा फूट निघाली. माइक मागच्या भिंतीजवळ, खाली लावायला सांगितला आणि तिघींना समोरच्या भिंतीशी नेलं. आता त्या मागे सरकत माइककडेच येणार होत्या. पाठ भिंतीला लागली की बांधी सरली, असं ठरलं. कुठलं गाणं चार मिनिटांचं झालं, कुठलं सातचं. मी यादीतली पाच मिनिटं खोडली. एक वाजेपर्यंत सात गाणी झाली.

आठव्याला मोठीमाय वाकली आणि गप्प राहिली. मग एक ओळ म्हणून थांबली. पुन्हा गप्प, पुन्हा तीच ओळ.

"विसरल्या वाटतं," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"विसरली नाही. मी झेलून राहिली. उचलनारी कुठं हाय?"

"तूच उचल ना, मोठीमाय. तुले सारं येते."

"येते. पन ते तुह्या मायचं गानं होय. जिचं तिनं उचलावं, नाही तं तिच्या लेकीनं. तुले अंदर काहून बोलावलं मंग?"

मला ते गाणं ऐकायचं होतं. म्हणायचं कधी मनातही आलं नव्हतं.

"मले नाही येत. मी कधी रोवलं नाही."

"डबा घेऊन येत होती तवा कान घरी ठेवून येत होती का?"

त्या दोघी हसल्या. मी वही उघडली, म्हटलं, तू सांग, मी लिहून घेते. मोठीमायनं वही काढून थर्मासखाली ठेवली.

"वाकल्यावर वही कोन धरन?"

मी वाकले. खाली करडा गालिचा होता. पहिली ओळ कशी आली ते मला सांगता येणार नाही, पण आली, आणि मोठीमायनं ती लगेच झेलली. दुसरीही आली. तिसरी तिनं कानात सांगितली. निम्म्या खोलीपर्यंत माझी कंबर भरून आली, श्वास तुटायला लागला. आई हे दिवसाच्या शेवटी म्हणायची, सात बांध्या रोवून झाल्यावर. भिंत लागली तेव्हा मी तशीच वाकून राहिले होते.

"सरली वं बांधी," मोठीमाय म्हणाली. "उठ आता. गळा मायचा नाही आला तुले, पन याद बराबर हाय."

रेकॉर्डिस्ट म्हणाला, शेवटचं बोलणं कापतो, तुमचा आवाजही मशीनवर थोडा नीट करतो. मी म्हटलं, काहीच करू नका.

आईचा आवाज त्या अल्बममध्ये नाही. रविवारी भाजी निवडताना मी मोबाइलवर आठवं गाणं लावते. त्यात मी दोनदा चुकते, एकदा खोकते. शेवटी मोठीमाय म्हणते, उठ आता, आणि हातातली भाजी खाली ठेवून मी उठते.