कारण लिहा, मग सही

डॉक्टर मॅडमनी दोन सिस्टरांसमोर मला विचारलं, "मावशी, शिक्षण किती तुमचं?"

"चौथी."

"मग चौथीपुरतंच बोला. फरशी पुसून घ्या."

सिस्टर हसल्या. टेबलावर माझी नात सोनाली कळा देत होती. तिनंही ऐकलं.

मी एवढंच विचारलं होतं की, बाळाचे ठोके चांगले आहेत, पाणी स्वच्छ आहे, पिशवीचं तोंड उघडतंय. मग सिझर कशासाठी? पाठीत भुलीची सुई कशासाठी?

बारामतीतल्या त्या खासगी दवाखान्यात मी अकरा वर्षं मावशी होते. येईल त्या बाईला वस्तरा लावायचा, एनिमा द्यायचा, उताणी झोपवून पाय बांधायचे. हिंडू का, म्हणून कुणी विचारलं तर गप पड म्हणायचं. हे मीच म्हणत होते. सलाईन सगळ्यांना, खालून कापणं सगळ्यांना. घरच्या शेतात वांग्याच्या रोपांनासुद्धा आम्ही कीड बघून औषध मारतो. इथं बघायचं कामच नव्हतं. आणि शनिवारी दुपारी सिझरची रांग लागायची, कारण मॅडम रविवारी पुण्याला जायच्या. त्या दवाखान्यात रविवारी बाळं जन्मतच नव्हती. अकरा वर्षांत मला याचं नवल वाटलं नाही. शिकलेल्यांना चूक कोण म्हणणार?

तो शनिवारच होता.

नातजावई जळोची गावचा, पदवी घेतलेला. सिझरच्या संमतीच्या कागदावर सिस्टरनं फुली मारली तिथं सही करायला पेन टेकवून बसला होता. मी कागद ओढून घेतला. वाचायला मला चौथी पुरते. नाव होतं, वय होतं. 'कारण' लिहिलं होतं, त्याच्यापुढं काहीच नव्हतं.

"मॅडम, कारण लिवा. लगीच सही देतो."

"काही झालं तर जबाबदारी तुमची."

"ठोकं बघायची जबाबदारी तुमची. ती मी घेत न्हाय."

त्यांनी पेन हातात घेतलं आणि तसंच ठेवलं. एवढी मोठी डिग्री, पण कारणाची जागा कोरीच राहिली; सही नाही, म्हणून सिझरही नाही.

सोनालीला मी उठवलं, धरून हिंडवलं. सिस्टर तोंड वाकडं करून का होईना, ठोके बघत राहिली. साडेपाचला मुलगी झाली. यात माझा मोठेपणा नाही. ठोके बिघडले असते तर जावयाचा हात धरून मीच सही करून घेतली असती. कारण असलं की सुई, सुरी सगळं हवंच. नसलं की ती मॅडमच्या पुण्याच्या गाडीची वेळ.

सोमवारी माझ्या हातात परत वस्तरा आला. टेबलावर इंदापूरकडची एक पोर होती. हे कशापायी ते सांगितलं का, असं मी तिला विचारलं. तिनं मान हलवली. नाही. मी वस्तरा ट्रेमध्ये ठेवला आणि सिस्टरला म्हटलं,

"आधी तिला सांगा."

त्याच दिवशी मला कामावरून काढून घरी पाठवलं. त्याचं दुःख नाही. अकरा वर्षं बायांचे पाय बांधले आणि एकीलाही विचारलं नाही, त्याची लाज आहे. ती माझी आहे, मॅडमच्या माथी मारणार नाही.

आता आमच्या सांगवी गावात जिचे दिवस भरत आले, तिच्या दारात मी जाते. दवाखान्यात जायचंच, म्हणते. पण अंगाला हात लावायच्या आधी कशासाठी ते विचारायचं. दवाखान्यातले हसतील. हसू दे. उत्तर येईपर्यंत विचारायचं.