माहेर-सासर वगळून

डॉ. वत्सला देशपांडे, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वत्सलाक्का, यांची नि माझी पहिली भेट धारवाडातल्या मळमड्डीत त्यांच्या घरी झाली. मी त्यांच्या संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात नुकतीच रुजू झाले होते. संशोधकांची सामग्री नीट लावून, तपासून संस्थेच्या डिजिटल भांडारात ठेवण्याजोगी करायची, हे माझं काम. मी फायलींचा विषय काढला, तर अक्का म्हणाल्या, "ते राहू दे. तू कोणापैकी गं? माहेर कुठलं?" चहा येईपर्यंत त्यांनी माझ्या मावससासूशी आपलं नातं लावूनसुद्धा टाकलं! धारवाडात ओळख अशीच होते. त्याशिवाय कुणी मोकळं बोलत नाही.

अक्कांचं सगळं काम याच ओळखीच्या प्रश्नापासून सुरू झालेलं. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतल्या बायका आपली आजारपणं का लपवतात, हे त्यांनी बायकांच्याच तोंडून ऐकलं, ध्वनिमुद्रित केलं. या मुलाखती पुढच्या संशोधकांना खुल्या करायच्या, ही त्यांची फार मोठी इच्छा. कानाला यंत्र लावून त्यांनी प्रत्येक मुलाखत माझ्यासोबत पुन्हा ऐकली. मी एखादा कन्नड शब्द बदलून मराठी केला की रागवायच्या, "तिनं म्हटलंय तसं ठेव. शहाणपणा तुझ्या अहवालात कर." मी तापानं पडले तेव्हा मात्र याच अक्का रिक्षानं डबा घेऊन आल्या आणि फायलींचं नावसुद्धा काढू दिलं नाही.

ध्वनिमुद्रणं बंद ठेवून फक्त उतरवलेला मजकूर खुला करायचा होता. त्यातली नावं आम्ही काढली होती. तो खुला करण्याच्या समारंभाची निमंत्रणंही गेली होती. शेवटची नजर फिरवताना अक्का एका मुलाखतीशी थबकल्या. हुबळीत केशवापूरच्या एक बाई मनाच्या आजारावर गोळ्या घेत होत्या आणि सासरी कुणाला पत्ता नव्हता. नाव कुठंच नव्हतं. पण पहिल्याच पानावर अक्कांचा नेहमीचा प्रश्न होता, आणि त्याचं भरभरून उत्तर: माहेर कुठलं, बहीण कुठं दिलीय, दिरांचं दुकान कशाचं.

अक्कांनी कपाळावर हात मारला. "अगं, नाव कशाला लागतंय! एवढ्यावर आपल्याकडं लग्नं जमतात. थांबव सगळं."

प्रत्येक मुलाखतीची सुरुवात तशीच होती. वरिष्ठ म्हणाले, समारंभ होऊ द्या, दुरुस्ती मागाहून करू. अक्का हलल्या नाहीत. "त्या बाईनं माझ्याकडं बघून सांगितलंय. उद्या तिच्या घरात कळलं तर कुठल्या तोंडानं जाऊ तिच्यापुढं?" समारंभ रद्द झाला. लोक काय काय बोलले. त्यांतले काही अक्कांच्या याच गौरवग्रंथात लिहीत आहेत, असो!

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो. ओळखदेखीचा सगळा भाग काढला, गावं आणि दुकानं काढली, काय गाळलं आणि का, याचं टिपण जोडलं. आणि हे खुलं करू का, असं अक्का एकेका बाईला पुन्हा विचारायला निघाल्या.

केशवापूरच्या बाई मळमड्डीला आल्या. अक्कांनी त्यांना त्यांचंच बोलणं वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "नको वाटत असलं तर सांगा. इरली बिडु, राहू द्या, माझं काही अडत नाही." अडत होतं. ती मुलाखत म्हणजे साऱ्या कामाचा प्राण होता, हे मला ठाऊक होतं.

बाई म्हणाल्या, "माहेर काढलंत, सासर काढलंत, बरं केलंत. आता हे माझं एकटीचं बोलणं झालं बघा. ठेवा तिकडं. कुणीतरी वाचू दे."

अक्कांना रडू आवरेना. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

अक्का, पंच्याहत्तरी झाली म्हणून खुर्चीत बसून राहू नका. देव तुम्हाला ठणठणीत ठेवो. अजून कितीतरी बायकांना तुमच्यापुढं बोलायचं आहे. त्यांना खुशाल विचारा, "कोणापैकी गं?" ते छापायचं नाही, एवढं आम्ही सांभाळू.