लिलावाआधी शिजलेला कोंबडा

सबंध संभाजीनगरात चर्चच्या आवारात चूल पेटवायची हिंमत एकाच बाईत होती, आणि ती नेमकी माझी विहीण निघाली. माझ्या लेकीची सासू. नवरा वारला तशी सिल्लोडकडचं गाव सोडून मुकुंदवाडीला लेकाकडं राहायला आली. गावात त्यांची चर्चची मंडळी मूठभर माणसांची. उपासना झाली की सगळे लिंबाखाली बसून घरून आणलेलं मिसळून खायचे. पहिले ख्रिस्ती लोक असंच जेवायचे, एवढंच तिला ठाऊक, आणि त्यापुढचं काही ठाऊक करून घ्यायची तिला गरज वाटली नाही. इथं उपासनेचा शेवटचा आशीर्वाद संपायच्या आत लोक गाडीची किल्ली चाचपतात. ही दारात आडवी उभी राहायची. "सलाम भाऊ, आज कुणाकडं जेवायचं?" लोक मागच्या दारानं जायला लागले.

आमची प्रार्थना आता मोबाइलवर चालते. चर्चच्या खजिनदाराच्या बायकोला ताप आला तेव्हा सगळ्यांनी बसल्या जागी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली, मीही पाठवलं. विहीण पिठल्याचा डबा घेऊन रिक्षानं गेली. खजिनदार दार अर्धं उघडून म्हणाले, "आजी, आधी फोन करायचा." ही म्हणाली, "फोनातून पिठलं जातंय व्हय?"

पण खरा तमाशा कापणीच्या सणाचा. त्या दिवशी लोक शेतातलं, घरातलं देवाला आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. पहिल्या वर्षी विहिणीनं गावाकडचा कोंबडा आणला. एका बिल्डरनं तो घेतला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला, त्यानं कोंबडा परत दान केला. मग दुसऱ्यानं घेतला. परत फोटो, परत दान. तिसऱ्यानं बोली लावली तशी विहीण उभी राहिली. "अवं, किती येळा इकता? यहूदानं बी प्रभूला एकदाच इकलं व्हतं." उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांना खोकला आला.

घरी मला म्हणाली, "विहीणबाई, लेकाच्या घरात जो तो ताट घिऊन आपल्या खोलीत. चर्चात बी तीच गत. एकटीनंच जेवायचं तर मी गावाकडंच बरी." मी म्हटलं, मग जा. पण तिनं आणखी एक सण बघायचं ठरवलं.

दुसऱ्या वर्षीचा लिलाव मोठ्या पडद्यासाठी होता, गाण्याचे शब्द दिसावेत म्हणून. आत पाळकसाहेब पहिले ख्रिस्ती लोक एकत्र कसे जेवायचे ते रंगवून सांगत होते, आणि खिडकीतून फोडणीचा वास आला. विहिणीनं आपला कोंबडा कापला होता आणि अर्पणातली वांगी, कांदे, तांदूळ सगळं चुलीवर चढवलं होतं. लिलावाला एक भोपळा उरला. कमिटी तापली, पण माणसं बसली. बिल्डर आपल्या ड्रायव्हरशेजारी जमिनीवर बसला. पाळकसाहेबांनी दोनदा वाढून घेतलं. विहीण मधोमध बसून जेवली.

पुढच्या रविवारी फाटकावर पाटी लागली : आवारात स्वयंपाक करण्यास मनाई आहे. विहिणीनं ती वाचली, "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी गावाला गेली.

परवा चर्चमध्ये सहभागितेवर व्याख्यान झालं. पडदाही आलाय. शेवटी प्रत्येकाला जेवणाचा बंद डबा दिला, घरी नेऊन खायला. बायका म्हणाल्या, सोय चांगली आहे. आहेच. मी डबा घेऊन फाटकापाशी जरा थांबले. कुणी आडवं आलं नाही. मग मी सिल्लोडची बस धरली. पोचेपर्यंत भात गार होणार. पण त्यात मिसळायला तिच्याकडं काहीतरी असेलच.